पिवळा शंख आणि जुना संगणक : दोषाच्या स्थानाचा विचार

ज्ञान खोटे ठरते तेव्हा दोष नेमका कोठे असतो, हा भारतीय प्रमाणशास्त्रातला, म्हणजे ज्ञानाची साधने आणि त्यांचा खरेखोटेपणा तपासणाऱ्या शास्त्रातला, एक जुना प्रश्न आहे. उन्हात चमकणाऱ्या शिंपल्याच्या जागी रुपे दिसते, अंधुक उजेडात दोरीच्या जागी साप दिसतो, आणि ज्याचे पित्त खवळले आहे त्याला पांढराशुभ्र शंख पिवळा दिसतो. अशा प्रत्येक वेळी वस्तू, इंद्रिय, त्या दोहोंमधली साधने आणि पाहणारा यांपैकी कोणाला जबाबदार धरावे, यावर मीमांसक, नैयायिक, वेदान्ती आणि बौद्ध यांनी शतकानुशतके वाद घातला. भ्रमाची उपपत्ती लावणाऱ्या या मतांना मिळून ख्यातिवाद म्हणतात. शास्त्रग्रंथांतली ही उदाहरणे आता घासून गुळगुळीत झाली असली, तरी ज्या प्रश्नासाठी ती योजली गेली तो प्रश्न रोजच्या व्यवहारात जिवंत आहे, आणि जुन्या संगणकाच्या बिघडलेल्या पडद्यापुढे तो जितक्या स्वच्छपणे उभा राहतो तितका फार थोड्या ठिकाणी राहत असेल.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र हे अनेक टप्प्यांचे फळ असते. मजकूर किंवा आकृती प्रथम एखाद्या प्रोग्रॅममध्ये आकड्यांच्या रूपाने असते. तो प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडे, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीकडे, ती दाखवण्याची मागणी करतो. ऑपरेटिंग सिस्टीम ही मागणी डिस्प्ले ड्रायव्हरच्या हवाली करते, आणि ड्रायव्हर तिचे रूपांतर ग्राफिक्स कार्डाला कळतील अशा आज्ञांमध्ये करतो. प्रत्येक कार्डाची अंतर्गत रचना वेगळी असल्यामुळे ड्रायव्हर हा त्या त्या कार्डासाठी, बहुधा कार्ड बनवणाऱ्या कंपनीनेच, लिहिलेला प्रोग्रॅम असतो. तो कार्डाचा भाग नसतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमचाही पुरता भाग नसतो. कार्ड प्रत्येक ठिपक्याचा रंग व्हिडिओ मेमरीत मांडून ठेवते, तेथून तो केबलमधून मॉनिटरकडे जातो, आणि मॉनिटरवरून डोळ्यांपर्यंत पोचतो. न्यायशास्त्र जिला कारणसामग्री म्हणते, म्हणजे जिच्यातले एक अंग उणे पडले तरी कार्य घडत नाही असा कारणांचा समुदाय, तिचे याहून नेटके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. सारे सुरळीत असते तोवर ही साखळी कोणाच्या लक्षातही येत नाही. पाहणाऱ्याला पत्र दिसते, पत्रिका दिसते, त्यांच्यामागचे टप्पे दिसत नाहीत.

हा विचार नाशिकच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तेथे सातवाहनकाळात बौद्ध भिक्षूंचा निवास होता, आणि तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख ते लेणे भद्रायनीय निकायाच्या, म्हणजे बौद्ध पंथाच्या, भिक्षूंना दिल्याचे सांगतो. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर येथे निवृत्तिनाथांची समाधी आहे, ज्यांच्या शिष्याने, म्हणजे त्यांचे धाकटे बंधू ज्ञानेश्वर यांनी, ‘अमृतानुभवा’त अज्ञानाला स्वतंत्र अस्तित्वच नाही असे प्रतिपादन केले. त्याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी एका संस्कृत पंडिताच्या घरी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले, ज्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि पुढे नाशकातच हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीची उभारणी केली. भासाचे स्वरूप काय हा विचार आणि पडद्यावर भास उभा करण्याची विद्या, या दोन्ही गोष्टींना या परिसरात अशी माती मिळाली. चित्रपटाचे तंत्र आत्मसात करताना अतिश्रमाने फाळके यांची दृष्टी काही काळ गेली होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. चित्र निर्दोष, पडदा निर्दोष आणि डोळा मात्र सदोष, असा प्रसंग त्यांनी प्रत्यक्ष भोगला होता.

जुन्या संगणकाचे प्रकरणही येथे परके नाही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, स्मरणिका यांची मांडणी करणाऱ्या डीटीपी व्यवसायात, नाशकात तसेच महाराष्ट्रातल्या इतर शहरांत, विंडोज एक्सपीवर चालणारी यंत्रे दीर्घकाळ जपली गेली, कारण युनिकोडपूर्व काळातले मराठी फॉन्ट, श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे आणि पेजमेकरमध्ये बांधलेली जुनी पाने नव्या यंत्रावर जशीच्या तशी उघडतील याची खात्री नसते. २००१ साली आलेल्या एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंतच होता; त्यानंतरही जे यंत्र कामाला जुंपलेले राहिले, त्याचा पडदा बिघडला की दुरुस्ती करणाऱ्यापुढे तोच प्राचीन प्रश्न येतो : दोष कोणाचा?

शास्त्रातल्या पिवळ्या शंखाचे उदाहरण येथे अक्षरशः घडते. १९८७ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत मॉनिटरची केबल पंधरा पिनांची असते, आणि तिच्यातल्या पहिल्या तीन पिना अनुक्रमे तांबडा, हिरवा आणि निळा हे रंग वाहून नेतात. केबल घाईने बसवताना तिसरी पिन वाकली किंवा तुटली, तर निळा रंग मॉनिटरपर्यंत पोचतच नाही. पांढरा रंग या तिघांच्या मिश्रणातून होत असल्यामुळे उरलेल्या तांबड्या आणि हिरव्याचा मिळून पिवळा होतो, आणि पत्रिकेचा कोरा पांढरा कागद पडद्यावर हळदीने माखल्यासारखा दिसतो. पाहणारा बहुधा प्रथम ड्रायव्हरला दोष देतो, तो काढून पुन्हा बसवतो, आणि शंख पिवळाच राहतो. अशा वेळी जाणता माणूस मॉनिटरच्या कडेचे बटण दाबून मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडतो; हा मेनू मॉनिटर आपल्या आतच तयार करत असल्यामुळे तो संगणकातून आलेला नसतो, आणि त्यातला पांढरा रंग पांढराच दिसत असेल तर मॉनिटर निर्दोष असून दोष त्याच्या अलीकडे, केबल, कार्ड किंवा ड्रायव्हर यांत आहे, एवढे एका क्षणात ठरते. पित्तदोष डोळ्यात आहे की रंग शंखात आहे, हे ठरवण्यासाठी शास्त्रकारांनी निरोगी माणसाच्या दृष्टीचा आधार घेतला. येथे तो आधार एका बटणात सापडतो.

याच केबलमधला दुसरा दोष अधिक फसवा आहे. बाराव्या आणि पंधराव्या पिनांवरून मॉनिटर आपली माहिती, म्हणजे आपण किती ठिपक्यांचे चित्र दाखवू शकतो ही नोंद, संगणकाला कळवतो. या पिना निकामी झाल्या तर चित्र येते, रंगही बरोबर येतात, पण ऑपरेटिंग सिस्टीमला मॉनिटरची ओळख पटत नाही आणि ती मोठ्या आकाराचे रिझोल्यूशन देण्याचे टाळते. अक्षरे ओबडधोबड, मोठाली दिसतात, आणि लक्षण हुबेहूब ड्रायव्हर नसल्यासारखे असते. एकाच कार्यामागे दोन भिन्न कारणे असू शकतात, म्हणून कार्यावरून कारणाचे अनुमान करताना सावध राहावे, हा न्यायशास्त्राचा इशारा येथे वाकलेल्या पिनेच्या रूपाने समोर येतो.

आता ख्यातिवादातली मते या पडद्यापुढे तपासून पाहता येतील. प्रभाकर मीमांसकांच्या अख्यातिवादानुसार खोटे ज्ञान असे काही नसतेच. शिंपल्याच्या ठिकाणी ‘हे’ एवढे प्रत्यक्ष ज्ञान असते आणि ‘रुपे’ ही आठवण असते, दोन्ही आपापल्या जागी खरी असतात, आणि त्यांच्यातला भेद लक्षात न येणे एवढीच चूक होते. नैयायिकांचा अन्यथाख्यातिवाद म्हणतो की भ्रमात एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या रूपाने भासते, आणि ते दुसरे रूप पूर्णपणे काल्पनिक नसते. बाजारात पूर्वी पाहिलेले रुपेच येथे चुकीच्या जागी प्रकट होते. अद्वैती अनिर्वचनीयख्याती मानतात : भासलेले रुपे दिसते म्हणून त्याला असत् म्हणता येत नाही, पुढे ते खोडले जाते म्हणून सत् म्हणता येत नाही, त्यामुळे त्याचे स्वरूप शब्दांत ठरवता येत नाही. विज्ञानवादी बौद्धांच्या आत्मख्यातीनुसार आतल्या विज्ञानाचाच, म्हणजे जाणिवेचाच, आकार बाहेरची वस्तू म्हणून भासतो, आणि माध्यमिकांच्या नावावर घातल्या जाणाऱ्या असत्ख्यातीनुसार जे नाहीच तेच भासते.

ड्रायव्हर बिघडला की पडद्यावर जे दिसते त्यातला एक प्रकार या चर्चेला विशेष उपयोगी आहे. नवी खिडकी उघडली असता तिच्या रिकाम्या भागात नुकत्याच बंद केलेल्या दुसऱ्या कामाचे तुकडे, एखाद्या जुन्या पत्रिकेतल्या गणपतीची सोंड, कोणाच्या तरी नावाची दोन अक्षरे, विखुरलेली दिसतात. हे तुकडे ड्रायव्हरने कल्पनेतून काढलेले नसतात. व्हिडिओ मेमरीत पूर्वी खरोखर मांडलेले आणि न पुसलेले चित्र नव्या जागेचा भाग म्हणून पडद्यावर पाठवले जाते, म्हणजे पूर्वी जे खरे होते ते आता भलत्या ठिकाणी प्रकट होते. नैयायिकांनी भ्रमासाठी दिलेली उपपत्ती येथे जशीच्या तशी लागू पडते, आणि तिच्या बळावर एक व्यावहारिक दिलासाही मिळतो : पडदा विस्कटला म्हणून फाइल विस्कटत नाही. प्रोग्रॅममधले आकडे शाबूत असतात, हार्ड डिस्कवरची पत्रिका शाबूत असते. भासाचा बिघाड हा वस्तूचा बिघाड नव्हे, हे न ओळखल्यामुळेच कित्येकदा चांगल्या फाइली नष्ट झाल्या असे समजून काम पुन्हा पहिल्यापासून केले जाते.

भ्रमाचे स्वरूप सांगणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. त्याहून अवघड भाग हा की, ज्ञान खरे आहे हे मुळात कळते कशावरून? या प्रश्नावरच्या वादाला प्रामाण्यवाद म्हणतात. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबाहेरच्या कसोटीवर ठरतो, आणि ती कसोटी म्हणजे त्या ज्ञानानुसार केलेली कृती सफल होणे. पाणी दिसले, माणूस गेला, तहान भागली, तेव्हा पाण्याचे ज्ञान खरे ठरले. मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात : ज्ञान उत्पन्न होतानाच खरे म्हणून उत्पन्न होते, आणि त्याच्यावरचा विश्वास काढून घ्यायचा असेल तर त्याला कारण लागते. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी अशी दोनच कारणे मान्य केली. एक, वस्तू वेगळी आहे असे सांगणारे दुसरे ज्ञान होणे, ज्याला बाध म्हणतात. आणि दोन, ज्या साधनातून ज्ञान झाले त्यात दोष आहे असे कळणे. या दोहोंपैकी काहीही नसताना घेतलेली शंका कुमारिलांच्या मते निराधार असते.

दुरुस्ती करणाऱ्याच्या कामात ही दोन्ही मते शेजारी शेजारी नांदतात. दिवसभर तो पडद्यावर विश्वास ठेवूनच काम करतो. प्रत्येक अक्षर दिसताच ते खरे आहे का हे तपासत बसला तर एक पत्रिकाही पुरी होणार नाही, आणि याबाबत व्यवहार कुमारिलांच्या बाजूचा आहे. रंग बदलला, रेघा आल्या, पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, म्हणजे बाध झाला की विश्वास काढून घेतला जातो. विंडोज विस्टापासून पुढे ऑपरेटिंग सिस्टीमच हा बाध ओळखते : ग्राफिक्स कार्डाने ठरावीक मुदतीत, जी मूळ मांडणीत दोन सेकंदांची असते, उत्तर दिले नाही, तर ड्रायव्हर थांबला होता आणि पुन्हा सुरू झाला अशी सूचना पडद्यावर येते आणि यंत्राच्या नोंदवहीत तिची नोंद राहते. पुढे दुरुस्ती पुरी झाली हे मात्र नैयायिकांच्या कसोटीने ठरते; पत्रिका छापून निघाली, कागदावरचा रंग आणि पडद्यावरचा रंग जुळला, तरच काम फत्ते झाले असे म्हणता येते.

येथे एक शंका उपस्थित होते. पडदा तपासायचा तर तो दुसऱ्या पडद्याने तपासावा लागणार, दुसरा बरोबर आहे हे तिसऱ्याने, आणि मग या तपासण्यांना अंत कोठे? शास्त्रात या दोषाला अनवस्था म्हणतात, आणि माध्यमिक आचार्य नागार्जुनाने प्रमाणवाद्यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता की वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याचे उत्तर तराजूच्या दृष्टान्ताने दिले आहे : ज्या तराजूने सोने जोखले जाते तोच तराजू, त्याच्याविषयी शंका आल्यास, प्रमाणित सोन्याने तपासता येतो, म्हणजे एकच वस्तू एका प्रसंगी ज्ञानाचे साधन असते आणि दुसऱ्या प्रसंगी ज्ञानाचा विषय होते. दुरुस्तीच्या टेबलावर हेच चालते. संशयित कार्ड चांगल्या मॉनिटरला जोडून पाहिले जाते, आणि संशयित मॉनिटर चांगल्या कार्डाला. कुमारिलांचे उत्तर अधिक ठाम आहे. त्यांच्या मते अशा तपासण्या तीन-चार ज्ञानांपलीकडे नेण्याची गरज नसते, कारण तेवढ्यात बाध झाला नाही तर पुढे शंका घेण्यास काही आधार उरत नाही. अनुभवी दुरुस्तीकारही याच मर्यादेत थांबतो, आणि त्याच्या थांबण्यामागे कंटाळा नसतो, हाच न्याय असतो.

दोषाचे स्थान शोधण्याची रीत अन्वय आणि व्यतिरेक या दोन पायांवर उभी असते. कारण असता कार्य असणे हा अन्वय, आणि कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. संगणक चालू करताच, विंडोज सुरू होण्यापूर्वी, बायोसचा म्हणजे यंत्राच्या मदरबोर्डावर साठवलेल्या प्रारंभिक प्रोग्रॅमचा पडदा दिसतो. त्या वेळी विंडोजमधला ड्रायव्हर अजून कामाला लागलेला नसतो. याच पडद्यावर रेघा आणि ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हर नसतानाही कार्य घडत आहे, म्हणजे व्यतिरेक मोडला आणि ड्रायव्हर निर्दोष ठरला. दोष कार्डात किंवा त्याच्या पुढे आहे. हा पडदा स्वच्छ असून विंडोज उघडताना बिघाड सुरू होत असेल, तर यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करावे. या अवस्थेत विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून एका साध्या, जवळजवळ सर्व कार्डांवर चालणाऱ्या व्हीजीए ड्रायव्हरने काम भागवते. चित्र मोठे आणि ओबडधोबड येते, पण ते स्थिर राहिले तर दोषाचा रोख कंपनीच्या ड्रायव्हरकडे वळतो. तिसरी कसोटी स्क्रीनशॉटची आहे : बिघडलेल्या पडद्याचे चित्र यंत्रातच टिपून ते दुसऱ्या संगणकावर उघडले असता त्यातही बिघाड दिसला, तर तो चित्र रचले जाताना झाला आहे, आणि टिपलेले चित्र स्वच्छ निघाले तर दोष बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर यांच्या बाजूचा असतो. या तिन्ही कसोट्यांमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलली जाते, आणि जे बदलले ते पूर्वस्थितीत आणता येते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या उपकरणांच्या यादीत, ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेण्याची जी सोय असते ती याच विवेकाची खूण आहे.

या रीतीला दोन शत्रू आहेत, आणि दोन्ही शास्त्राला परिचित आहेत. पहिला काकतालीय न्याय : कावळा बसायला आणि ताडफळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे मानणे. काल ड्रायव्हर अद्ययावत केला आणि आज पडदा गेला, एवढ्यावरून ड्रायव्हरने पडदा घालवला असे ठरत नाही. ड्रायव्हर मागे नेल्यावर बिघाड जातो आणि पुढे आणल्यावर परत येतो, हे दिसले तरच तसे म्हणता येते. दुसरा शत्रू उपाधी, म्हणजे दोन गोष्टींच्या साहचर्यामागे दडलेली तिसरी अट. जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणणाऱ्याला शास्त्र ओल्या लाकडाची आठवण करून देते, कारण धूर लाकडाच्या ओलेपणामुळे निघतो आणि तापलेल्या लोखंडात अग्नी असूनही धूर नसतो. व्हिडिओ लावला की पडदा काळा होतो, हे दहा वेळा दिसले तरी व्हिडिओ हे कारण ठरत नाही. व्हिडिओ चालताना कार्ड तापते, कार्डावरच्या पंख्यात धूळ साचलेली असते, आणि उन्हाळ्यात बंद खोलीत ती उष्णता बाहेर पडत नाही. ब्रशने पंखा साफ केला की तोच व्हिडिओ त्याच ड्रायव्हरवर सुरळीत चालतो. धूळ ही येथे उपाधी होती, आणि ती न ओळखता कितीही वेळा ड्रायव्हर बदलला तरी काही साधणार नव्हते.

जुन्या यंत्राच्या बाबतीत याहून सूक्ष्म असा एक भेद करावा लागतो, आणि तो दोष व अभाव यांच्यातला आहे. डिव्हाइस मॅनेजर एखाद्या उपकरणापुढे पिवळे चिन्ह दाखवतो तेव्हा त्यासोबत एक क्रमांकही देतो. क्रमांक २८ चा अर्थ ड्रायव्हर बसवलेलाच नाही; क्रमांक ४३ चा अर्थ उपकरणाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. पहिल्यात अभावाचे ज्ञान आहे, ज्याला भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिलांचे अनुयायी, अनुपलब्धी नावाचे स्वतंत्र प्रमाण मानतात, आणि ते सहसा निःसंदिग्ध असते. दुसऱ्यात शब्दप्रमाण आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान; आणि शब्दाचे प्रामाण्य सांगणारा आप्त, म्हणजे जाणता आणि सत्य बोलणारा, असण्यावर अवलंबून असते. कार्ड सदोष आहे हे येथे कार्डाच्याच नावाने कळवले जाते, पण तो निरोप ड्रायव्हरच्या मार्गे येतो, त्यामुळे निरोप देणाराच बिघडलेला असण्याची शक्यता राहते. ४३ क्रमांक पाहून कार्ड टाकून देणे म्हणजे साक्षीदाराची विश्वासार्हता न तपासता शिक्षा सुनावणे होय.

अभावाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र कोणाच्याही बिघाडाशिवाय घडले. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विस्टासोबत मायक्रोसॉफ्टने डिस्प्ले ड्रायव्हरची सगळी घडण बदलली, आणि पुढे विंडोज ८ पासून एक्सपीच्या पद्धतीचे ड्रायव्हर चालेनासे झाले. २००३ सालच्या इंटेल ८६५जी या चिपसेटवरचे कितीतरी संगणक तेव्हा कामात होते. त्यांच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी नव्या पद्धतीचा ड्रायव्हर इंटेलने दिला नाही. परिणामी एक्सपीवर स्वच्छ चित्र देणारे तेच यंत्र नव्या विंडोजवर साध्या व्हीजीए चित्रापुरते उरले. येथे कार्ड निर्दोष होते, विंडोज निर्दोष होती, आणि दोघांना जोडणारा दुवाच कोणी घडवला नव्हता. जुने म्हणजे बिघडलेले असा जो समज रूढ आहे तो येथे पार खोटा पडतो, कारण बिघाड काळाने झाला नाही, तो संबंध न जोडला गेल्यामुळे झाला.

हे लक्षात घेतले की ‘अमृतानुभवा’तल्या सातव्या प्रकरणाचा रोख अधिक उलगडतो. अद्वैत परंपरेतल्या अनेक आचार्यांनी अविद्येला भावरूप, म्हणजे ज्ञानाचा केवळ अभाव नसून काहीतरी असलेली अशी, मानले होते. ज्ञानेश्वरांनी तिची कसून झडती घेतली. अज्ञान आत्म्यात राहते असे म्हणावे तर आत्मा सगळाच अज्ञान होईल आणि अज्ञान आहे हे सांगायलाही कोणी उरणार नाही. ते कोणत्या प्रमाणाने दिसते म्हणावे तर जे प्रमाणाने उजळले ते अज्ञान कसले? अशा रीतीने अज्ञान हे कोठेही, कशानेही दाखवता न येणारे ठरते, आणि जे दिसते ते त्या एका चैतन्याचेच स्फुरण आहे असा त्यांचा निर्णय आहे. दुरुस्तीच्या टेबलावरचा अनुभव या युक्तिवादाच्या पहिल्या अर्ध्या भागाशी जुळतो. पिन सरळ केली, धूळ झटकली, योग्य ड्रायव्हर बसवला, तेव्हा यंत्रातून भ्रम नावाची कोणतीही वस्तू बाहेर काढली गेली नाही. होते ते सर्व भाग होतेच, त्यांचा परस्परसंबंध तेवढा नीट लागला.

दुसऱ्या अर्ध्या भागाबाबत मात्र संगणकाचे उदाहरण गप्प राहते, आणि त्याला तेथे ओढणे बरोबर नाही. कार्ड, ड्रायव्हर, केबल, मॉनिटर हे सारे जाणले जाणारे विषय आहेत. त्यांपैकी कोणीही जाणत नाही. व्हिडिओ मेमरीत जुन्या चित्राचे तुकडे राहिले म्हणून कार्डाला काही आठवत नसते, आणि पडदा पिवळा झाला म्हणून मॉनिटरला भ्रम होत नाही. भ्रम खुर्चीत बसलेल्या माणसाला होतो, आणि त्याचे निरसनही त्यालाच होते. साखळीतला प्रत्येक दुवा बदलून पाहता येतो, पण पाहणारा बदलून पाहता येत नाही. वेदान्त्यांनी ज्याला साक्षी म्हटले, म्हणजे सर्व अवस्था पाहणारा आणि स्वतः कोणाचा विषय न होणारा, त्याच्यासाठी सेफ मोड नाही. यंत्राचा दृष्टान्त येथपर्यंतच न्यावा.

या सीमेच्या आत निर्णय करता येतो. भ्रमाच्या कारणाबाबत नैयायिकांचे म्हणणे टिकते, कारण सामग्रीतल्या विशिष्ट अंगातला विशिष्ट दोष दाखवता येतो आणि दूर करता येतो. विश्वासाबाबत मीमांसकांचे म्हणणे टिकते, कारण कारणाशिवाय घेतलेली शंका कोणतेही काम पुरे होऊ देत नाही. आणि दोषाच्या स्वरूपाबाबत ज्ञानेश्वरांनी दाखवलेली दिशा टिकते, कारण तपासाअंती दोष ही वेगळी वस्तू म्हणून हाती लागत नाही, संबंधातली उणीव म्हणून कळते. एका दुव्यात दोष सापडला म्हणून साऱ्या साखळीवर अविश्वास धरणे, आणि एक भास खोटा निघाला म्हणून सारे ज्ञानच संशयास्पद मानणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. ज्या यंत्राचा बायोसचा पडदा स्वच्छ दिसतो आणि जे सेफ मोडमध्ये स्थिर चालते, ते मेलेले नसते. त्याला भंगारात काढणाऱ्याने निर्णय केलेला असतो, परीक्षा केलेली नसते.